सौप्तिकपर्वातील दोन चिरंजीव

मुलाला पत्र लिहिताना त्याच्या नावामागे 'चि.' हे अक्षर घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लग्नपत्रिकेत वराच्या नावामागे ते असते, वधूच्या नावामागे 'सौ. कां.'च्या सोबतीने येते, आणि मुलगा पन्नाशीला पोचला तरी आईच्या पत्रातून ते सुटत नाही. वाढदिवसाच्या दिवशी सात चिरंजीवांचे स्मरण करून त्यांच्यासारखे आयुष्य मागण्याचाही जुना प्रघात आहे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम ही ती सात नावे. त्यांच्या जोडीला आठवा म्हणून मार्कंडेय घेतात. ही नावे वर्गात सांगत असता नववीतल्या एका मुलाने मला एकदा विचारले, "सर, अश्वत्थाम्याला तर शाप होता ना? मग आईने मला त्याच्यासारखा जग असे का म्हणावे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे बरीच वर्षे तो प्रश्न माझ्या मनात राहिला. प्रस्तुत लेख हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि ते देताना मूळ प्रश्न थोडा बदलून गेला, हे आधीच सांगितले पाहिजे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'चिरंजीव' आणि 'अमर' हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत अंतर आहे. 'चिर' म्हणजे दीर्घ. चिरंजीवाचे आयुष्य कितीही लांबले तरी त्याला कड आहे, मुदत आहे. हनुमंताने रामापाशी मागितले ते एवढेच की, जोवर या लोकी रामकथा चालू राहील तोवर आपला प्राण राहावा. बिभीषणाचे आयुष्य लंकेच्या राज्याशी बांधलेले आहे. बळी सुतलात आहे तो आपल्या पाळीची वाट पाहत. भागवताच्या आठव्या स्कंधात येणाऱ्या मन्वंतरांचे वर्णन आहे. त्यात सावर्णी मनूच्या काळी इंद्रपद बळीकडे जाईल असे सांगून त्या काळच्या सप्तर्षींची नावे दिली आहेत. त्या नावांत परशुराम आहे, व्यास आहे, कृप आहे आणि अश्वत्थामाही आहे. म्हणजे आपल्या सात चिरंजीवांपैकी पाच जणांची नेमणूक पुढच्या मन्वंतरात ठरलेली आहे. तात्पर्य, चिरंजीव म्हणजे मरणाच्या पलीकडे गेलेला पुरुष नव्हे. ज्याचे काही काम अजून शिल्लक आहे, म्हणून ज्याला जाता येत नाही, तो चिरंजीव.

या दृष्टीने पाहिले असता बहुतेकांचे काम सहज ध्यानी येते. हनुमंताला कथा ऐकावयाची आहे, व्यासांना ती सांगावयाची आहे. बळीचे राज्य परत यावे असे बलिप्रतिपदेच्या दिवशी आपल्या घरोघरच्या बायका आजही म्हणतात, तेव्हा त्याचे काम कोणते हे निराळे सांगावयास नको. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळविली ही कथा गोव्यापासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत रूढ आहे. राहिले दोघे : कृप आणि अश्वत्थामा. हे मामा-भाचे, कृपाची बहीण कृपी ही अश्वत्थाम्याची आई. दोघेही एकाच युद्धातून वाचले. दोघेही एकाच रात्री, एकाच शिबिराच्या दाराशी उभे होते. तरीही परंपरेने एकाच्या कपाळी जखम दिली आणि दुसऱ्याच्या हाती राजकुलातील शिष्य दिला. आपल्या टीकावाङ्मयात पहिल्याविषयी बरेच लिहिले गेले. दुसऱ्याचे नाव आपण केवळ सात मोजून पुरे करण्यासाठी घेतो. माझ्या मते सौप्तिकपर्वाचा खरा प्रश्न या दुसऱ्याच्या ठिकाणी आहे.

अश्वत्थाम्याविषयी आधी बोलू, कारण लोकमानसाने त्यालाच जवळ केले आहे. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांच्या तोंडी त्याच्या कथा आहेत : शूलपाणीच्या झाडीत एक उंच, वृद्ध पुरुष भेटतो आणि कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरील शिवमंदिरात तो पूजेला येतो अशी त्या भागात श्रद्धा आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश येथील आदिवासी भाविक रात्रीचा डोंगर चढून जातात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. शापित माणसाला देव मानून त्याच्या भेटीला जाणारे हे लोक पाहिले म्हणजे, शाप आणि वर यांची आपण केलेली वाटणी किती पुस्तकी आहे हे कळते.

परंतु लोककथेतला अश्वत्थामा आणि महाभारतातला अश्वत्थामा यांत दोन महत्त्वाचे भेद आहेत, आणि ते नीट पाहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. पहिला भेद जखमेचा. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आपल्या मस्तकावरचा मणी स्वतः काढून देतो. तो कोणी खणून काढलेला नाही. शापात रक्तपुवाचा दुर्गंध आहे, व्याधी आहेत, निर्जन वनांतली भटकंती आहे. परंतु कपाळावरची सतत वाहणारी ती एक जखम तेथे नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात मात्र अर्जुन तलवारीने केसांसह मणी कापून घेतो, आणि तेथून जखमेच्या कल्पनेला वाट मिळते. दुसरा भेद मुदतीचा. श्रीकृष्णाने दिलेला शाप तीन हजार वर्षांचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा आकडा आहे. परंपरेने कलियुगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ३१०२ मध्ये मानला जातो आणि युद्ध त्याच्या ३६ वर्षे आधी धरले जाते. त्या हिशेबाने शापाची मुदत ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातच संपली. युद्ध ख्रिस्तपूर्व १०००च्या आसपास मानणारे अभ्यासक आहेत. त्यांचा काळ घेतला तर ती आपल्या डोळ्यांदेखत संपली. कोणताही हिशेब धरला तरी आज अश्वत्थामा मुक्त असावयास हवा. ग्रंथाने त्याला सोडले आहे, लोकांनी सोडलेले नाही.

का सोडलेले नाही? लोकांच्या मनात त्याच्याविषयी केवळ क्रोध असता तर त्याच्या जखमेला तेल देण्याची कथा निर्माण झाली नसती. केवळ दया असती तर त्याची जखम केव्हाच भरून आली असती. लोकांनी दोन्ही गोष्टी धरून ठेवल्या : जखम भरू द्यावयाची नाही, आणि तेल नाकारावयाचे नाही. मला हा निवाडा अनेक पंडितांच्या निवाड्यांहून शहाणपणाचा वाटतो.

आधुनिक लेखकांनी हा तोल नेहमी राखला असे म्हणता येत नाही. दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' १९६२ मध्ये आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन ग्रंथांनी महाभारतातील व्यक्तींकडे पूजेच्या किंवा निंदेच्या पलीकडे जाऊन माणसे म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. हिंदीत धर्मवीर भारती यांचे 'अंधा युग' हे पद्यनाट्य १९५४ मध्ये आले. दुसरे महायुद्ध आणि फाळणी यांच्या सावलीत लिहिलेल्या त्या नाटकाने अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून कथा उचलली आणि अश्वत्थाम्याला मध्यभागी आणले. या मोठ्या लेखकांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या मागून आलेल्या सवयीविषयी. 'अश्वत्थाम्याची जखम' हा शब्दप्रयोग आपल्या कवितेत आणि वक्तृत्वात इतका सुलभ झाला आहे की, ज्याला म्हणून काही दुखले तो स्वतःला अश्वत्थामा म्हणवून घेतो. या जखमेच्या आधी पाच झोपलेली मुले आणि एक गर्भ आहे, हे विसरले जाते. द्रौपदीच्या पाच पुत्रांची नावे, प्रतिविंध्य, सुतसोम, शतानीक, श्रुतसेन आणि श्रुतकीर्ती, किती सुशिक्षितांना सांगता येतील? मारणाऱ्याचे नाव आपण रोज सकाळी घेतो.

अश्वत्थाम्याची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही. त्याचा पिता शस्त्र खाली ठेवून बसला असता मारला गेला, आणि तेही त्याच्याच मृत्यूची खोटी वार्ता ऐकवून. भीष्म, भूरिश्रवा, कर्ण, दुर्योधन यांच्या वधांची यादी तो वाचतो तेव्हा तीत खोटे काही नाही. महाभारतकाराने त्याला बोलू दिले आहे आणि त्याचे म्हणणे कोठेही पुसलेले नाही. पण त्याची कथा दुःख, क्रोध, कृत्य, शिक्षा अशी सरळ रेषेत जाते. ती भयंकर आहे, परंतु समजण्यास कठीण नाही. कठीण आहे तो त्याचा मामा.

सौप्तिकपर्वाचा आरंभ आठवावा. दुर्योधन मांडी भंगून पडला आहे. कौरवांच्या बाजूचे तिघेच उरले आहेत : अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा. रात्री ते एका मोठ्या वडाखाली थांबतात. दोघांना झोप लागते, अश्वत्थामा जागा राहतो. वडावर झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड झडप घालते आणि त्यांचा संहार करते, हे तो पाहतो आणि त्यातून धडा घेतो. तो दोघांना उठवून आपला बेत सांगतो. महाभारतकार म्हणतो की, ते ऐकून दोघांना लाज वाटली आणि काय उत्तर द्यावे ते त्यांना सुचेना. ही लाज ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बेत काय आहे हे कृपाला पहिल्या क्षणीच कळले होते.

मग कृपाचार्य बोलतात, आणि फार चांगले बोलतात. दैव आणि पुरुषप्रयत्न यांचा संबंध ते समजावून सांगतात. दुर्योधनाने हितचिंतकांचे ऐकले नाही, आणि त्या पापी पुरुषाच्या मागे आपण गेलो म्हणून ही दारुण आपत्ती आपल्यावर आली, असे ते स्पष्ट म्हणतात. आपली बुद्धी या संकटाने गोंधळली आहे, म्हणून धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, असे सुचवितात. भाचा ऐकत नाही असे पाहून ते म्हणतात, आजची रात्र झोप घे. सकाळी आम्ही दोघे तुझ्याबरोबर उघड लढू. तरीही तो ऐकेना तेव्हा ते शेवटचे सांगतात : झोपलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला, शरण आलेल्याला मारणे जगात कोणी वाखाणीत नाही, तुझ्या हातून आजवर काही निंद्य घडले नाही, हे कृत्य पांढऱ्यावर पडलेल्या रक्तासारखे दिसेल. उपदेश म्हणून यात उणे काढण्यासारखे काही नाही. शास्त्र आहे, व्यवहार आहे, वडीलकीचा जिव्हाळा आहे.

अश्वत्थामा उत्तर देतो की, पुढच्या जन्मी किडा किंवा पतंग झालो तरी चालेल, पण पित्याला मारणाऱ्यांना मी आज रात्रीच मारीन. तो एकटाच घोडे जोडून निघतो. येथे महाभारतकाराने जे लिहिले आहे ते वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. कृप आणि कृतवर्मा त्याला विचारतात, तू रथ का जोडतोस, काय करावयाचे योजिले आहेस? आपण एकत्र आलो आहोत. तुझे सुखदुःख ते आमचे सुखदुःख. आमच्याविषयी शंका घेऊ नकोस. आणि ते त्याच्या मागोमाग जातात. एवढ्या युक्तिवादानंतर मन वळले ते उपदेश करणाऱ्याचे. पापी पुरुषाच्या मागे गेल्याने आपत्ती आली असे म्हणणारा मनुष्य त्याच रात्री दुसऱ्याच्या मागे चालू लागला.

पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्यात कृपाचार्यांनी काय केले ते सहसा सांगितले जात नाही. अश्वत्थामा आत शिरला. धृष्टद्युम्नाला त्याने शस्त्राचे मरणही दिले नाही, लाथांनी मारले. कृप आणि कृतवर्मा दाराशी उभे राहिले. केस सुटलेले, कवच आणि शस्त्र नसलेले, हात जोडलेले, भयाने थरथरणारे जे योद्धे बाहेर पळत आले त्यांना या दोघांनी मारले, एकालाही सोडले नाही. आणि द्रोणपुत्राला आणखी बरे वाटावे म्हणून शिबिराला तीन ठिकाणी आग लावली. ती आग अश्वत्थाम्याने लावलेली नाही. शरणागताला मारू नये हे वाक्य ज्या मुखातून काही घटका आधी निघाले होते, त्याच मनुष्याने हात जोडलेल्यांना मारले आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून आग लावली.

या तिघांचे पुढे काय झाले? धृतराष्ट्राला वृत्तान्त सांगून पांडवांच्या भयाने ते वेगळे झाले. कृप हस्तिनापुरास गेले, कृतवर्मा आपल्या देशी गेला, अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडे निघाला. अश्वत्थाम्याला शाप मिळाला. कृतवर्म्याचा हिशेब ३६ वर्षांनी प्रभासक्षेत्री पुरा झाला. मद्याच्या भरात सात्यकीने त्याला झोपलेल्यांना मारणारा म्हणून हिणविले आणि त्या भांडणात त्याचे मस्तक उडविले. म्हणजे ती रात्र यादव विसरले नव्हते. कृपाचार्यांना मात्र कोणी काही म्हटल्याचे दिसत नाही. धृष्टद्युम्नाचा सारथी सकाळी युधिष्ठिराला वार्ता सांगतो तेव्हा तो तिघांचीही नावे घेतो. कृतवर्म्याला क्रूर म्हणतो, अश्वत्थाम्याला पापी म्हणतो, आणि कृपाच्या नावामागे फक्त त्याचे गोत्र लावतो. द्रौपदी प्रायोपवेशनाला बसते आणि मागते तो अश्वत्थाम्याचा मणी. आणि सर्वांत आश्चर्य म्हणजे, ज्या भाषणात श्रीकृष्ण अश्वत्थाम्याला शाप देतो त्याच भाषणात तो सांगतो की, उत्तरेचा गर्भ जगेल, परीक्षित ६० वर्षे राज्य करील, आणि तो सारी अस्त्रे शिकेल ती कृपाकडून. महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिर कृपाचार्यांची पूजा करून परीक्षिताला शिष्य म्हणून त्यांच्या हाती देतो. भाच्याने ज्याला गर्भात मारू पाहिले, त्याला मामाने शिकवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

यावर काही समाधाने देता येतील आणि ती तपासली पाहिजेत. पहिले, अन्नाचे ऋण. युद्धारंभी युधिष्ठिर वंदनासाठी आला तेव्हा भीष्म, द्रोण आणि शल्य यांच्याप्रमाणे कृपानेही हेच सांगितले की, मनुष्य अर्थाचा दास आहे आणि आपण कौरवांशी अर्थाने बांधलो गेलो आहोत. परंतु हे ऋण रणांगणात लढण्याने फिटते. रात्रीच्या आगीचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरे, कृप अवध्य होता, तेव्हा त्याला शिक्षा करणे शक्य नव्हते. पण अश्वत्थाम्यालाही कोणी मारले नाही, तरी त्याला शिक्षा झाली. तिसरे, तो ब्राह्मण आणि गुरू होता. अश्वत्थामाही ब्राह्मण आणि गुरुपुत्र होता. येथे इरावतीबाईंच्या विवेचनाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. द्रोण आणि अश्वत्थामा यांनी ब्राह्मण असून क्षत्रियाचा धर्म पत्करला, या दृष्टीने त्यांनी 'युगान्ता'त या दोघांकडे पाहिले आहे. ते विवेचन मार्मिक आहे. परंतु परधर्म हेच जर विनाशाचे कारण असेल तर शस्त्रधारी ब्राह्मण कृपाचार्यालाही तोच न्याय लागला पाहिजे. तो लागत नाही. परधर्म दोघांचा सारखा, दैवगती मात्र उलट.

मग भेद कशाचा? मला तो असा दिसतो. अश्वत्थाम्याला आपण काय करीत आहोत ते ठाऊक होते आणि त्याने त्याची किंमत आधीच बोलून दाखविली होती. त्याने मणी दिला, शाप घेतला. त्याचे पाप उघड होते म्हणून त्याला नाव मिळाले आणि मुदत मिळाली. कृपाचार्यांनी विरोध केला होता. त्यांचा विरोध सर्वांच्या लक्षात राहिला आणि त्यांचे कृत्य त्या विरोधाच्या आड गेले. जगात असेच घडते. जो चुकीचे करतो त्याला आपण ओळखतो. जो चूक आहे असे सांगून मग त्याच चुकीत हात घालतो, त्याला आपण सज्जन म्हणतो आणि आपली मुले त्याच्या स्वाधीन करतो. शल्यपर्वाच्या आरंभीही हेच कृपाचार्य दुर्योधनाला संधी करण्याचा उत्तम उपदेश करतात. तो ऐकत नाही, आणि ते पुन्हा त्याच्या बाजूने रथावर चढतात. उपदेश करणे आणि मग बरोबर जाणे ही त्यांची रीतच झाली होती.

व्यासांनी यावर भाष्य केलेले नाही. त्यांनी आग कोणी लावली हे लिहिले आणि शिष्य कोणाला मिळाला हेही लिहिले. मधला दुवा वाचकावर सोडला. काही वाचक म्हणतील की, ज्ञानाची परंपरा तुटू नये म्हणून इतिहासाला अशा माणसांचा उपयोग करून घ्यावाच लागतो; सारे जळून गेल्यावर अस्त्रविद्या जाणणारा तेवढा एकच उरला होता. या म्हणण्यात तथ्य आहे. मीही त्याला एक गोष्ट जोडीन. परीक्षित हा अभिमन्यूचा मुलगा. अभिमन्यूला वेढून मारणाऱ्या महारथींत कृपही होता. ज्याच्या पित्याला वेढणाऱ्यांत आपण होतो, ज्याच्या चुलत्यांच्या निवासाला आपण आग लावली, त्याच्यापुढे बसून त्याला शस्त्राचा धर्म सांगावयाचा. ग्रंथात असे म्हटलेले नाही, हे माझे वाचन आहे. पण कृपाचार्यांना शाप नव्हता असे मला आता वाटत नाही. त्यांचा शाप अध्यापन हा होता. आणि त्याला तीन हजार वर्षांची मुदतही सांगितलेली नाही.

आपल्या वाचकवर्गात शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट सांगण्याचे धाडस करतो. मी सहशिक्षक असताना, ज्या शाळेत होतो तेथे एका मुलावर चोरीचा आळ आला. पुरावा कच्चा होता आणि मुलगा गरीब घरचा होता. शिक्षकांच्या सभेत मी त्याच्या बाजूने बोललो. बरेच बोललो, आणि चांगले बोललो असेही त्या वेळी मला वाटले. सभेने त्याचे नाव काढण्याचे ठरविले. ठराव एकमताने व्हावा अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. आपण सारे एकत्र आहोत, असे कोणीतरी म्हणाले. मी सही केली. त्या सभेच्या इतिवृत्तात माझे भाषण नाही, माझी सही आहे. तो मुलगा पुढे कोठे गेला ते मला माहीत नाही. मी मात्र त्यानंतर मुख्याध्यापक झालो, आणि नीतीचे धडे शिकविण्यास योग्य मनुष्य म्हणून आजवर मला कोणी हटकलेले नाही. सौप्तिकपर्वाचा पाचवा अध्याय संपून सहावा सुरू होतो तेथे मी का थांबतो, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल.

म्हणून त्या नववीच्या मुलाला आज मी असे सांगेन. आई तुला चिरंजीव म्हणते तेव्हा ती केवळ वर्षे मागत नाही. ती सात जणांना साक्षीला बोलावते. त्यांत कथा ऐकणारा आहे, शब्द पाळण्यासाठी राज्य सोडणारा आहे, भावाच्या अन्यायापासून वेळेवर दूर झालेला आहे. बिभीषणाचे या रांगेतले स्थान मला याच कारणाने फार मोलाचे वाटते. त्यानेही रावणाला उपदेश केला, त्याचेही कोणी ऐकले नाही. पण तो आग लावणाऱ्यांच्या सोबत गेला नाही, उठून निघाला. घरभेद्या म्हणून त्याला आजही बोल लावतात. कृपाचार्यांना कोणी बोल लावीत नाही. ही दोन नावे सातांच्या यादीत जवळजवळ येतात आणि आपण ती एका श्वासात म्हणून टाकतो. त्यांच्यामध्ये क्षणभर थांबावे, एवढेच शिकविण्यासारखे आहे.

शेवटी व्यासांविषयी. शाप ऐकल्यावर अश्वत्थामा श्रीकृष्णाची क्षमा मागत नाही. तो व्यासांकडे वळून म्हणतो की, मनुष्यांमध्ये मी आपल्याबरोबरच राहीन. या उत्तराचे मर्म मला फार उशिरा कळले. व्यासही चिरंजीव आहेत. सांगणारा जोवर आहे तोवर ज्याची कथा सांगितली गेली तोही आहे. सातपुड्यातील माणसे डोंगर चढून अश्वत्थाम्याला भेटावयास जातात, त्याला तेल देतात, त्याचे पाप आणि त्याचे दुःख दोन्ही जागे ठेवतात. कृपाचार्यांच्या नावाची यात्रा माझ्या ऐकण्यात नाही. त्यांना भेटण्यासाठी डोंगर चढण्याची गरजही नसावी. ते हस्तिनापुरास परत गेले, आणि आमच्यापैकी कित्येकांच्या खुर्चीत अजून बसलेले आहेत. सौप्तिकपर्व शिकविताना अश्वत्थाम्यावर एक तास खर्च होत असेल तर त्याच्या मामावर निदान अर्धा तास खर्च करावा, अशी माझी अध्यापकबंधूंना आणि भगिनींना नम्र सूचना आहे.